श्रूजबरीला मैत्रिणीकडे: निवांत पाच दिवस कसे आखायचे

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे नाव बिस्किटांमुळे माहीत असतं. कॅम्पातल्या कयानी बेकरीपुढची रांग, दोऱ्याने बांधलेलं खोकं, घरी पोचेपर्यंत खोक्याला लागलेला लोण्याचा डाग. माझी शाळेपासूनची मैत्रीण नोकरीसाठी इंग्लंडला गेली आणि तिने फोनवर गावाचं नाव सांगितलं, तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. श्रूजबरी हे खरंखुरं गाव आहे. वेल्सच्या सीमेजवळ, सेव्हर्न नदीच्या वळणात, सुमारे सत्त्याहत्तर हजार वस्तीचं. गावातले काही लोक ‘श्रोजबरी’ म्हणतात, काही ‘श्रूजबरी’. तुम्ही कसंही म्हणा, कोणी दुरुस्त करत नाही.

मी दोनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला आठ दिवसांत लंडन, एडिनबरा, लेक डिस्ट्रिक्ट सगळं उरकलं, आणि जिच्यासाठी गेले होते तिच्याशी धड बोलणं झालं ते शेवटच्या रात्री. दुसऱ्या खेपेला पाच दिवस गावातच राहिले, आणि त्या पाच दिवसांची आठवण आजही पुरते आहे. पुढची सगळी तयारी या दुसऱ्या खेपेची आहे.

पहिली पायरी: तारखा मैत्रिणीच्या सोयीने ठरवा

तिकीट काढायच्या आधी तिला एवढं विचारा: घरून काम कोणत्या दिवशी असतं, ऑफिसला कधी जावं लागतं आणि सुट्ट्या किती शिल्लक आहेत. तिथे वर्षाच्या सुट्ट्या माणसं मोजून वापरतात. तिने पाच दिवस रजा टाकावी अशी अपेक्षा ठेवू नका. गुरुवारी पोचायचं आणि मंगळवारी निघायचं ठरवलंत, तर शनिवार-रविवार पूर्ण मिळतात आणि तिला एखादीच रजा लागते.

महिने मे, जून किंवा सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे ती कामावरून आल्यावरही नदीकाठी मोठी फेरी होते. डिसेंबर ते फेब्रुवारी टाळा. दिवस लवकर मावळतो, डिसेंबरात तर साडेचारच्या आधीच, आणि सेव्हर्नला पूर येण्याचा हाच काळ. फ्रँकवेल भागात नदीकाठी पूर अडवायला उभे करता येणारे तात्पुरते बांध आहेत, इतका तो नेहमीचा. मे महिन्यातला पहिला आणि शेवटचा सोमवार सरकारी सुट्टीचा असतो. मैत्रिणीला तो मोकळा मिळतो, पण गाड्यांना गर्दी असते, म्हणून तिकीट लवकर काढा.

दुसरी पायरी: व्हिसा

भारतीय पासपोर्टवर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला केंद्रावर जायचं. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या गर्दीत मी त्यावर विसंबणार नाही. दोन महिने हाताशी ठेवा.

हॉटेलचं बुकिंग नसल्याने मैत्रिणीचं पत्र महत्त्वाचं ठरतं. ते सक्तीचं नाही, पण तुम्ही कुठे राहणार याचा तोच पुरावा. पत्र साधं असावं: ती कोण, तिथे काय करते, तुमची ओळख कशी आणि किती वर्षांची, तुम्ही कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तिच्याकडे राहणार, आणि खर्च कोणाचा. सोबत तिच्या पासपोर्टची प्रत, तिथे राहण्याच्या परवानगीचा पुरावा आणि घरभाड्याच्या कराराची किंवा कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, बिलाची प्रत जोडा. तुमच्या बाजूने सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं आणि रजेचं पत्र. खात्यात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली ते लिहून द्या. मराठी कागद असतील, उदाहरणार्थ सात-बारा, तर इंग्रजी भाषांतर करून जोडा.

प्रवास विमा घ्याच. पाहुण्यांना तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळी फुकट नसते, आणि घरात पाहुणी आजारी पडली तर काळजी मैत्रिणीच्याच डोक्यावर येते.

तिसरी पायरी: बॅगेत खाऊ काय न्यायचा

इथे आपल्याकडच्या प्रत्येकाची चूक होते. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला परवानगी नाही. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, आईने कढवलेलं तूप, सगळं घरीच. ताजी फळं आणि भाज्या यांच्याही वाटेला जाऊ नका. आंब्याची पेटी न्यायचा मोह होतो, तो आवरा.

चालतं ते पुष्कळ आहे: बाकरवडी, चकली, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, सुकी चटणी, आमसुलं, पोह्याचे पापड. परदेशातल्या मैत्रिणीला मिठाईपेक्षा भाजणीची किंमत जास्त असते, हे मी स्वयंपाकघरात तिचा चेहरा पाहून सांगते. मसाले नीट सीलबंद करा, नाहीतर कपड्यांना वर्षभर गोड्या मसाल्याचा वास येतो.

बिस्किटांना हरकत नाही. पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं श्रूजबरीला नेणं हा या प्रवासातला माझा सर्वांत आवडता भाग. खोकं हातातल्या बॅगेत ठेवा, खाली गेलं की चुरा होतो.

कपड्यांत एक पावसाळी जाकीट आणि चालायचे, तळ घट्ट असलेले बूट. गावातल्या बोळांत दगडी फरसबंदी आहे आणि पाऊस झाला की ती निसरडी होते. प्लगची पिन तिथे तीन चौकोनी दांड्यांची, तिचा अडॅप्टर इथूनच घ्या.

चौथी पायरी: गावात पोचणं

बहुतेक जण सवयीने हीथ्रोचं तिकीट काढतात. लंडनच्या यूस्टन स्थानकातून श्रूजबरीला साधारण अडीच ते तीन तास लागतात आणि बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रूला गाडी बदलावी लागते. त्यात हीथ्रो ते यूस्टन सामान घेऊन जाण्याचा तास वेगळा. आखाती देशात विमान बदलून बर्मिंगहॅम किंवा मँचेस्टरला उतरता आलं तर तसं करा. बर्मिंगहॅम विमानतळावरून स्थानकापर्यंत फुकट छोटी रेल्वे आहे आणि तिथून श्रूजबरीला थेट गाड्या आहेत, सव्वा-दीड तासाच्या. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्थानकातूनही थेट गाडी साधारण तेवढ्याच वेळात पोचवते.

रेल्वेच्या तिकिटांचे तीन प्रकार लक्षात ठेवा. ‘अॅडव्हान्स’ स्वस्त, पण ठरलेल्या गाडीलाच चालतं. ‘ऑफ-पीक’ गर्दीची वेळ सोडून कोणत्याही गाडीला. ‘एनीटाइम’ सगळ्यांत महाग. विमान उतरल्यावरच्या प्रवासासाठी ‘अॅडव्हान्स’ काढू नका. विमान तासभर उशिरा आलं की ते वाया जातं आणि थकल्या जिवाला नवं तिकीट काढावं लागतं. दोघं जण एकत्र फिरणार असाल तर दोघांचं रेलकार्ड घ्या, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त कामाच्या दिवशी ते सकाळी साडेनऊनंतर चालतं.

श्रूजबरीचं स्थानक १८४८चं. बाहेरून जुन्या विद्यालयासारखं दिसतं, आणि त्याच्या फलाटांचा काही भाग नदीवरच्या पुलावर आहे. बाहेर पडलं की समोर टेकाडावर लाल दगडाचा किल्ला. मैत्रीण घ्यायला येणार असेल तर ‘किल्ल्याखाली भेटू’ एवढं पुरतं.

पाचवी पायरी: तिच्या घरात

इंग्लंडमधली घरं लहान असतात आणि भिंती पातळ. पहिल्या संध्याकाळी चार गोष्टी विचारून घ्या म्हणजे पुढे अवघडायला होत नाही. न्हाणीघरात सहसा जमिनीला मोरी नसते, काही ठिकाणी गालिचाही असतो, म्हणून बादली-तांब्याची आंघोळ टबाच्या आतच करायची. फोडणी करताना वरचा पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि शेजारी जागे होतात. कचऱ्याचे डबे वेगवेगळे आणि उचलायचे वार ठरलेले असतात. हीटरची वेळ तिने लावलेली असते, ती तिला न विचारता बदलू नका, तिथे गॅसचं बिल मोठं असतं.

ती सकाळी कामाला बसली की तुम्ही घराबाहेर पडा. तिलाही मोकळं वाटतं. आणि एका रात्रीचा स्वयंपाक स्वतःकडे घ्या. मी थालीपीठ केलं, तिने दही आणलं होतं. त्या रात्री आम्ही एक वाजेपर्यंत जेवणाच्या टेबलावरून उठलो नाही.

सहावी पायरी: पहिल्या दिवशी फक्त नदी

लांबच्या प्रवासानंतर संग्रहालय नको. पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, तशी इथे सेव्हर्न वळते, पण वळण इतकं पूर्ण आहे की जुनं गाव जवळजवळ बेटच झालंय. जमिनीचा अरुंद चिंचोळा भाग उरतो, नेमका तिथेच नॉर्मन सरदार रॉजर डी माँटगॉमेरीने अकराव्या शतकात किल्ला बांधला. गावाची रचना एवढ्या एका गोष्टीवरून कळते.

पूर्वेच्या इंग्लिश ब्रिजपासून नदीच्या आतल्या काठाने चालायला लागा. डाव्या हाताला पाणी ठेवायचं. थोड्या वेळाने द क्वारी नावाची मोठी बाग येते, उतारावर गवत आणि नदीकाठी झाडांची रांग. बागेच्या मधोमध डिंगल नावाचा खोलगट फुलांचा भाग आहे, जुन्या दगडखाणीच्या जागी केलेला. तिथे सेव्हर्नची देवता सब्रिना हिचा पुतळा आहे. नदीला देवी मानणारी माणसं इथेही होती, हे पाहून मला फार बरं वाटलं. पुढे वेल्श ब्रिजशी फेरी संपते. मध्ये बसत-उठत दीड तास धरा. पाय दुखत असतील तर वेल्श ब्रिजजवळून उन्हाळ्यात नावेची फेरी सुटते, पाऊण तासाची.

सातवी पायरी: बोळ आणि चौक

दुसरी सकाळ गावाच्या पोटात घालवा. इथल्या अरुंद बोळांना ‘शट’ म्हणतात. नकाशा खिशात ठेवा आणि फिश स्ट्रीट, बुचर रो, ग्रोप लेन, गलेट पॅसेज असं हिंडा. सोळाव्या शतकातली लाकडी चौकटीची घरं दोन्ही बाजूंनी पुढे झुकलेली आहेत, वरचे मजले खालच्यापेक्षा बाहेर. गावात सहाशे साठहून अधिक संरक्षित इमारती आहेत आणि बहुतेकांत माणसं राहतात, दुकानं चालवतात. वाइल कॉप हा चढाचा रस्ता सावकाश चढा. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईला जाताना हेन्री ट्यूडर ज्या घरात राहिला असं सांगतात, ते इथेच आहे. पुढे तोच सातवा हेन्री म्हणून राजा झाला.

कॅसल स्ट्रीटवर एका दुकानाच्या भिंतीवर पाटी आहे: पेलिन नावाच्या माणसाने १७६० साली या जागी श्रूजबरी केक पहिल्यांदा केले. केक म्हणायचं, पण ते पातळ, कुरकुरीत बिस्किट असतं. त्या नावाचा पदार्थ पेलिनच्याही आधीपासून गावात होता. मैदा, लोणी, साखर आणि लिंबाची साल किंवा कॅरावेचे, म्हणजे शहाजिऱ्यासारखे, दाणे. आमचं पुण्याचं खोकं आणि तिथलं पाकीट आम्ही चहाबरोबर शेजारी ठेवून खाल्लं. तिथलं सुगंधी, आपलं जाडजूड आणि लोण्याने भरलेलं. कयानी बेकरी १९५५ची आहे, इराणी कुटुंबाची. एका इंग्लिश गावाचं नाव इराण्यांच्या हाताने पुणेकरांच्या घरात पोचलं, हे त्या पाटीखाली उभं राहून मनात घोळत राहतं.

जेवणासाठी १९६५च्या उंच घड्याळाखालचा मार्केट हॉल. २०१८ आणि २०२३ साली तो ब्रिटनचा सर्वांत लाडका बाजार म्हणून निवडला गेला. शुक्रवारी किंवा शनिवारी जा, गाळे भरलेले असतात आणि शाकाहारी माणसाला पोटभर मिळतं. रविवार-सोमवार तिथे जेवणाचा बेत ठेवू नका.

मग द स्क्वेअर, गावचा चौक. तिथे १५९६ची जुनी बाजार-इमारत आहे. खालच्या कमानींत धान्याचा बाजार, वर वेल्सच्या लोकरी कापडाचा व्यापार. आज आत छोटं चित्रपटगृह आणि कॅफे आहे. त्याच चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे, १८६० साली बसवलेला. तो या परगण्यातला, या गावाचा खासदार आणि १७६२ साली महापौर. आपण त्याला प्लासीमुळे ओळखतो. पण त्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रज फौजेत जमिनीवरच्या तुकड्यांचा प्रमुख हाच होता, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. २०२० साली पुतळा काढावा अशी मागणी झाली, स्थानिक परिषदेने तो ठेवला. मराठी माणसाने इथे दहा मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं. विजयदुर्गाच्या तटावर उभी राहिले होते तेव्हा जे समजलं नव्हतं, ते मला या चौकात समजलं: आपला समुद्र जिंकणारी माणसं अशा छोट्या, देखण्या, शांत गावांतून आली होती.

आठवी पायरी: एका दिवसाला एकच वास्तू

उरलेल्या दिवसांसाठी माझा नियम एवढाच: जेवणाआधी एक ठिकाण, नंतर काही नाही. निवडीसाठी ही चार ठिकाणं.

गावचं वाचनालय. चार्ल्स डार्विन १८०९ साली याच गावात जन्मला आणि ही इमारत तेव्हा त्याची शाळा होती, १८१८ ते १८२५. दारात त्याचा बसलेला पुतळा आहे.

सेंट चॅड्स, क्वारीच्या वरच्या अंगाला असलेलं गोल चर्च, १७९२चं. जुन्या चर्चचा मनोरा कोसळेल असं थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने सांगितलं होतं, विश्वस्तांनी ऐकलं नाही, आणि १७८८च्या जुलैत तो खरोखर कोसळला. मग हे बांधलं. आत गेल्यावर गोल छताखाली नुसतं बसा.

डिदरिंग्टनची फ्लॅक्समिल, म्हणजे जवसाच्या धाग्याची गिरणी, १७९७ची. लाकडाऐवजी ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया असलेली जगातली पहिली इमारत. जवसाच्या धाग्यांची धूळ पटकन पेटते, आगीत गिरण्या जळत, म्हणून चार्ल्स बेजने ही युक्ती काढली. आजच्या प्रत्येक उंच इमारतीचं मूळ इथे आहे. लालबाग-परळच्या गिरण्या पाहिलेल्यांना इथे पाय निघत नाही. स्थानकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं.

आणि इंग्लिश ब्रिजपलीकडचं अॅबी, म्हणजे जुन्या मठाचं चर्च, १०८३ साली स्थापलेलं. आत पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या नावांत कवी विल्फ्रेड ओवेन आहे. युद्ध थांबायच्या एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबर १९१८ला तो पडला. घर याच गावात होतं. ११ तारखेला युद्धबंदीच्या घंटा वाजत असताना त्याच्या आईवडिलांच्या हाती तार आली, असं सांगतात. १९२० साली त्या आईने याच गावातून रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिलं: शेवटचा निरोप घेताना मुलगा तुमच्याच ओळी म्हणाला होता, आणि त्याच्या वहीत त्या लिहिलेल्या सापडल्या. मी आणि मैत्रीण त्या नावापुढे बराच वेळ उभ्या होतो. बाहेर पडल्यावर दोघी घरापर्यंत काही बोललो नाही.

नववी पायरी: एक दिवस गावाबाहेर

रविवार यासाठी राखून ठेवा, मैत्रीण सोबत असते. एकच ठिकाण निवडा. चालायला आवडत असेल तर रेल्वेने पंधरा मिनिटांवरचं चर्च स्ट्रेटन. स्थानकातून चालत कार्डिंग मिल व्हॅलीत जायचं आणि ओढ्याच्या काठाने लाँग मिंडच्या पठारावर चढायचं. माथा ५१६ मीटरवर. ऑगस्टमध्ये हेदरच्या फुलांनी पठार जांभळं होतं, कासच्या पठाराची आठवण येते. मैत्रिणीकडे गाडी असेल तर आयर्नब्रिज: ओतीव लोखंडाचा जगातला पहिला मोठा पूल, १७७९ साली उभारलेला, १७८१च्या पहिल्या दिवशी वाहतुकीला खुला झालेला. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की खाली तीच सेव्हर्न.

रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात. त्यामुळे भाजी, दूध शनिवारीच आणून ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री

रविवारी आणि सुट्टीच्या सोमवारी रुळांच्या कामामुळे कधीकधी गाड्यांऐवजी बस सोडतात, म्हणून परतीची गाडी मंगळवारची असली तरी आदल्या रात्री एकदा तपासा. अंथरुणावरची चादर काढून घडी करा, न्हाणीघर पुसा. उरलेली भाजणी डब्यात भरून डब्यावर प्रमाण लिहून ठेवा: एक वाटी भाजणीला एक कांदा, कोथिंबीर आणि कोमट पाणी.

स्थानकावर पंधरा मिनिटं आधी पोचा आणि बर्मिंगहॅमच्या दिशेला फलाटाच्या टोकापर्यंत जा. रुळांच्या मधोमध विटांची उंच सिग्नल-केबिन दिसेल, १९०३ची. आत १८० खटके आहेत, आणि हाताने खटके ओढून चालणाऱ्या जगातल्या चालू केबिनींमध्ये ती सर्वांत मोठी. मैत्रीण फलाटावर उभी होती, गाडी हलली, आणि वरच्या खिडकीत खटका ओढणारा माणूस मला दिसला. गाडीत उजव्या बाजूची जागा धरा. केबिन मागे पडली की काही क्षण अॅबीचा मनोराही दिसतो.